वाक्य एकाचं, हात दुसऱ्याचा? विखारी भाषणं आणि चॅनेलांमुळे खरंच माणसं मारली जातात का?

शेवंती

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मोठा दादा स्वभावाने इतका शांत आहे की लहानपणी मी त्याची पेन्सिल मोडली तरी तोच मला दुसरी आणून द्यायचा. घरात कोणाचं काही अडलं, दवाखाना असो, बँक असो, फॉर्म भरणं असो, पहिली हाक त्यालाच. गेली दोन-तीन वर्षं मात्र रात्रीचं जेवण झालं की तो कानात इअरफोन घालून बसतो आणि एकामागून एक व्हिडिओ बघत राहतो, त्यात एक माणूस ओरडून ओरडून सांगत असतो की 'ते' वाढत चाललेत, आपण संपत चाललोय, सरकार कोर्ट पेपरवाले सगळे विकले गेलेत, आता आपलं आपल्यालाच बघावं लागणार. ('ते' म्हणजे कोण हे मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की अख्खा धागा तिकडेच वळेल.)

परवा जेवताना टीव्हीवर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या हल्ल्याबद्दल काहीतरी जुनं दाखवत होते. १५ मार्च २०१९, शुक्रवारची नमाज, दोन मशिदी, ५१ माणसं गेली, त्यात एक तीन वर्षांचं लेकरू होतं. दादा ताटाकडे बघतच म्हणाला, "वाईट झालं. पण लोकांच्या सहनशक्तीलाही काही मर्यादा असते ना." वहिनीचा हात तसाच थांबला. आई काहीच बोलली नाही, नुसती उठून आत गेली. त्या 'पण'पासून माझं डोकं काही शांत होत नाहीये.

मला अगदी मनापासून विचारायचंय. भाषणं, चॅनेल, असले व्हिडिओ यांच्यामुळे खरंच कोणी उठून माणसं मारतं का, की मारणारा मुळातच बिघडलेला असतो आणि आपण उगाच शब्दांवर खापर फोडतो? दादा कोणावर हात उचलेल असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण त्याच्या तोंडून जी वाक्यं येतात ती त्याची नाहीयेत, त्या ओरडणाऱ्या माणसाची आहेत, शब्द न् शब्द त्याचीच, आणि तीच वाक्यं अजून किती जणांच्या तोंडात असतील या विचाराने झोप उडते. ज्यांनी या विषयावर वाचलंय त्यांनी खरी उदाहरणं द्या प्लीज. आणि घरात हे कसं बोलायचं तेही सांगा.

अनिकेत_क

ताई, तुमची काळजी कळते, पण मला यात थोडी घाई वाटते. असले व्हिडिओ लाखो लोक रोज बघतात, त्यातला एखादाच हत्यार उचलतो, मग बाकीच्यांनी तेच ऐकून काही केलं नाही याचं काय? सुरी वापरून खून झाला म्हणून आपण लोहाराला धरत नाही. शिवाय हे एकट्या उजव्यांचं दुखणं नाही. जून २०१७ मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन खासदार बेसबॉलचा सराव करत होते, त्यांच्यावर एकाने गोळीबार केला, तो डाव्या विचारांचा होता, खासदार स्टीव्ह स्कॅलिस त्यात मरता मरता वाचले. मग तेव्हा डाव्या नेत्यांच्या भाषणांना दोष द्यायचा का?

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. आज आपण म्हणायचं की या भाषणाने हिंसा होते, ते बंद करा, आणि उद्या तीच काठी आपल्या पाठीत. सत्तेतल्या कुठल्याही माणसाला त्याच्यावर टीका करणारा चिथावणीखोरच वाटतो.

जुनी_वही

अनिकेत, भीतीचा मुद्दा अगदी मान्य, पण लोहार काही पटला नाही. लोहार सुरी विकताना "तो बघ तिकडे राहतो, तू त्याला संपवलं नाहीस तर तो तुझ्या पोरांना संपवेल" असं रोज रात्री नऊ वाजता सांगत नाही.

शेवंती, तुम्ही उदाहरणं मागितलीत. मी दोन सांगते, दोन्ही जर्मनीतली, मध्ये शंभर वर्षांचं अंतर.

पहिलं महायुद्ध हरल्यावर ज्यांनी युद्धबंदीच्या करारावर सही केली त्यातले एक होते माटियास एर्झबर्गर. कार्ल हेल्फरिश नावाच्या उजव्या पुढाऱ्याने १९१९ मध्ये त्यांच्याविरुद्ध पुस्तिकाच काढली, नावच 'एर्झबर्गर हटाव'. देशद्रोही, पाठीत सुरा खुपसणारा, विकला गेलेला, हे दोन वर्षं चाललं. ऑगस्ट १९२१ मध्ये एर्झबर्गर ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेले होते तिथे दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. मग परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची पाळी. ते ज्यू. त्यांना गोळी घाला अशी चक्क यमकं जुळवलेली गाणी उजव्या टोळ्या म्हणायच्या. २३ जून १९२२ ला हेल्फरिशने संसदेत राथेनाऊंच्या धोरणावर जळजळीत भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राथेनाऊ उघड्या गाडीतून कचेरीत निघाले असताना बाजूने आलेल्या गाडीतून गोळ्या आणि हातबाँब. हेल्फरिशने हत्याराला हात लावला नव्हता, हुकूमही दिला नव्हता, कायद्याने तो नामानिराळाच. पण २५ जूनला चॅन्सेलर योझेफ विर्ट संसदेत उजव्या बाकांकडे हात करून म्हणाले की शत्रू तिथे आहे, आणि हा शत्रू उजवीकडे आहे यात शंकाच नाही. अख्ख्या सभागृहाला कळलं ते काय म्हणतायत.

दुसरं उदाहरण मला जास्त छळतं कारण त्यात काहीच मोठं नाहीये, एक छोटी क्लिप आहे फक्त. वाल्टर ल्युबके, कासेल जिल्ह्याचे प्रशासक, स्वतः पुराणमतवादी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, म्हणजे काही डावे-बिवे नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये लोफेल्डन गावात निर्वासितांसाठी निवारा करायचा होता, त्याची माहिती द्यायला गावकऱ्यांची सभा घेतली. काही जण मुद्दाम गोंधळ घालायलाच आलेले, सारखे मध्ये मध्ये शेरे मारत होते. त्यांच्याकडे वळून ल्युबके म्हणाले की आपल्या समाजाची काही मूल्यं आहेत, त्यांच्यासाठी उभं राहावं लागतं, आणि ज्याला ती मान्य नाहीत तो हा देश कधीही सोडून जाऊ शकतो, ते स्वातंत्र्य प्रत्येक जर्मन माणसाला आहे. सभेत एकाने हे मोबाइलवर घेतलं आणि नेमकी शेवटची ओळ इंटरनेटवर टाकली. अर्थ असा झाला की सरकारी अधिकारी जर्मन लोकांनाच म्हणतोय, निर्वासित येतायत, तुम्ही चालते व्हा. 'ध' चा 'मा' करायला अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही, आगापिछा कापला की झालं. मग धमक्यांचा पाऊस. एका विखारी ब्लॉगवर लोकांनी त्यांच्या घराचा पत्ता टाकला.

इथे लोक म्हणतील, चार दिवसांनी विसरले असतील. नाही विसरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे सव्वातीन वर्षांनी, एका माजी खासदारबाईंनी तेच प्रकरण पुन्हा सोशल मीडियावर टाकलं आणि खाली नव्याने ठार मारा, फाशी द्या अशा कमेंटी. १ जूनच्या रात्री ल्युबके घराच्या ओसरीवर बसले होते, जवळून डोक्यात गोळी. मारणारा २०१५ च्या त्या सभेत हजर होता आणि क्लिप काढणारा त्याचा मित्र. खुनाला मदत केल्याच्या आरोपातून मित्र सुटला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. आणि तो खून झाल्यावर इंटरनेटवर हसणारी, टाळ्या वाजवणारी माणसं जमली होती, ते वाचून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

(मारेकऱ्यांची नावं मी लिहीत नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी क्राइस्टचर्चनंतर संसदेत सांगितलं होतं की त्याचं नाव मी घेणार नाही, तेव्हापासून मीही पाळते.)

माजी_डेस्क

मी एका न्यूज चॅनेलमध्ये नऊ वर्षं डेस्कवर होतो. नाव सांगणार नाही, सोडून चार वर्षं झाली. जे सांगतोय ते मी स्वतःच्या हाताने केलंय, म्हणून लिहायला जड जातंय.

एकदा सीमेवर अडकलेल्या स्थलांतरितांची बातमी होती, मी खालच्या पट्टीवर लिहिलं 'सीमेवर ४७ जण ताब्यात'. शिफ्ट इनचार्ज मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जण काय जण, लोंढा लिही." मी म्हटलं सर ४७ च आहेत, त्यात बायका-पोरं आहेत. तो म्हणाला "आकडा काढ मग." मी आकडा काढला. लोंढा लिहिलं. दहा मिनिटांनी शेवटी प्रश्नचिन्ह लावून दुसरी ओळ आली, 'लोंढ्यामागे कोणाचा कट?' प्रश्नचिन्ह लावलं की आपण काही म्हटलेलं नसतं, नुसतं विचारलेलं असतं, कोर्टात कोणी खेचलं तर तेवढंच पुरतं. त्या दिवशी आमच्याकडे कटाचा एक कागद नव्हता, एक फोन नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं.

हे कसं चालतं ते एकदा आतून बघितलं की मग बाहेर कुठेही ओळखू येतं. आधी माणसाचं माणूसपण काढायचं, तो झुंडी, लोंढा, किडे, विषाणू. मग सांगायचं की वेळ संपत आलीय, आत्ता नाही तर कधीच नाही. आणि मग तिसरं, हे सगळ्यात वाईट, की पोलिस कोर्ट सरकार कोणी तुमच्यासाठी काही करणार नाही. शेवंतीताई, तुमच्या दादांच्या व्हिडिओत हे तिन्ही आहे बघा, तुम्ही स्वतःच लिहिलंय, वाढतायत, संपतोय, आपलं आपल्यालाच बघावं लागणार. यात 'मारा' हा शब्द कुठेच नाही. लागतही नाही. ऐकणाऱ्याने ही तीन वाक्यं खरी मानली की चौथं तो स्वतःच बनवतो, आणि ते त्याला स्वतःचं वाटतं, शौर्याचं वाटतं.

ऑक्टोबर २०१८ आठवा. अमेरिकेत निवडणुका तोंडावर, मध्य अमेरिकेतून पायी निघालेल्या लोकांचा तांडा टीव्हीवर रात्रंदिवस, आणि त्याला शब्द काय तर आक्रमण. २७ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एकजण शिरला, ११ जणांना मारलं. जाण्याआधी त्याने ऑनलाइन लिहून ठेवलं होतं की निर्वासितांना मदत करणारी ज्यू संस्था 'आक्रमणकारी' आणून आमची माणसं मारतेय. दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर त्या तांड्याला आक्रमण म्हटलं. अकरा प्रेतांवरची माती सुकली नव्हती हो. पुढच्या वर्षी ३ ऑगस्टला एल पासोच्या दुकानात २३ जणांचा बळी गेला, तिथल्या हल्लेखोराच्या लेखातही टेक्सासवर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक वंशाच्या, लोकांचं आक्रमण. नॉर्वेत २०११ मध्ये ज्याने ७७ माणसं मारली, त्यातली ६९ उटोया बेटावर, मजूर पक्षाच्या युवा शिबिराला आलेली बहुतेक कोवळी पोरं, त्याचं ते दीड हजार पानांचं बाड आहे ना, त्यातला केवढातरी भाग दुसऱ्यांच्या ब्लॉगवरून जसाच्या तसा उचललेला आहे. म्हणजे डोक्यातलं बरंचसं उसनंच. लिहिणारे आपापल्या घरी सुखरूप.

मी आकडा काढून लोंढा लिहिलं ते कोणी वाचलं आणि कोणाच्या डोक्यात कुठे जाऊन बसलं, मला कधीच कळणार नाही.

अनिकेत_क

माजी_डेस्क, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, सोपं नसणार. लोहाराचं उदाहरण मी मागे घेतो.

पण मानसिक आजाराचं काय? कित्येक हल्लेखोर भ्रमिष्ट निघतात. आणि कायद्याने रेषा कुठे ओढायची हे अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याशिवाय नुसतं 'भाषण वाईट' म्हणून काय होणार.

वकील_ताई

अनिकेत, भ्रमाचं आधी. हनाऊ, जर्मनी, १९ फेब्रुवारी २०२०. हल्लेखोराला वाटायचं की गुप्त यंत्रणा आपल्यावर पाळत ठेवतात, हा भ्रम उघड होता. पण तो बाहेर पडला आणि गेला कुठे, तर स्थलांतरित घरांतली तरुण मुलं जिथे बसतात त्या हुक्का बारमध्ये. नऊ जणांना मारलं, मग घरी जाऊन स्वतःच्या आईला आणि स्वतःला. पाळतीचा भ्रम त्याचा स्वतःचा असेल, पण कोणाला मारायचं हे आजार सांगत नाही, ते भोवतालच्या हवेतून येतं. आजारी माणसं सगळ्या देशांत, सगळ्या काळात असतात, त्यांचं बोट कोणाकडे वळतं ते मात्र काळानुसार बदलतं.

आता रेषा. देशोदेशी ती वेगळ्या ठिकाणी आहे. अमेरिकेत १९६९ चा ब्रँडनबर्ग खटला, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या पुढाऱ्याची शिक्षा सुप्रीम कोर्टाने रद्द केली आणि म्हटलं की भाषणाचा रोख तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याकडे असेल आणि ते घडण्याची शक्यताही असेल तरच शिक्षा. फार उंच उंबरठा आहे तो, आणि तुमची जी भीती आहे त्याच भीतीतून आलेला. जर्मनीने आपला इतिहास बघून उंबरठा खाली ठेवला, तिथे एखाद्या समूहाविरुद्ध द्वेष भडकवणं हाच गुन्हा आहे.

आणि दुसऱ्या टोकाला नाझी पुढारी युलियस श्ट्रायशर. १९२३ पासून 'डेर श्ट्युर्मर' नावाचं साप्ताहिक चालवायचा, पहिल्या पानाच्या तळाशी ठरलेली ओळ, ज्यू आमचं दुर्दैव. त्याने स्वतः छळछावणी चालवली नाही, लष्करी योजना आखल्या नाहीत, पण युद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्युरेम्बर्ग खटल्याच्या न्यायाधीशांनी म्हटलं की पंचवीस वर्षं याने लोकांच्या मनात विष कालवलं, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. रवांडात १९९३ साली आरटीएलएम रेडिओ सुरू झाला, गाणी, गप्पा, थट्टा, तरुणांना आवडेल असा, आणि त्यातूनच सांगायचे की तुत्सी (तिथला अल्पसंख्याक समाज) म्हणजे झुरळं. १९९४ च्या त्या शंभर दिवसांत तोच रेडिओ लोकांची नावं आणि गाड्यांचे नंबर वाचून दाखवत होता, सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने रेडिओच्या दोघा संस्थापकांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला दोषी धरलं. अपिलात काही आरोप गळाले, शिक्षा कमी झाल्या, तरी तुरुंग चुकला नाही.

पण शेवंतीचा प्रश्न कोर्टाचा नाहीये असं मला वाटतं. कायद्याच्या रेषेच्या अलीकडे खूप मोठं मैदान आहे, जिथे माणूस गुन्हेगार नसतो पण जबाबदार असतो. ल्युबकेंची क्लिप पुन्हा वर काढणाऱ्या बाईंनी माझ्या माहितीतल्या कुठल्याही कलमाचा भंग केला नसेल. त्यांच्या पोस्टखाली जे लिहिलं जात होतं ते त्या पुसून टाकू शकत होत्या, लोकांना थांबा म्हणू शकत होत्या. हे करायला कायदा लागत नाही. आणि डाव्या माणसाने गोळी झाडली तेव्हा डाव्या नेत्यांकडूनही हीच अपेक्षा ठेवायची, अगदी बरोबर आहे तुमचं.

जुनी_वही

वकील_ताईंचं वाचून रुडी डुट्श्केची आठवण झाली, राहवत नाही म्हणून लिहिते. १९६८, पश्चिम बर्लिन, विद्यार्थी चळवळीचा नेता. श्प्रिंगर कंपनीची खपाची वर्तमानपत्रं महिनोन् महिने त्याच्यामागे लागलेली. ११ एप्रिलला तो सायकलवरून औषध आणायला निघाला होता, एका तरुण मजुराने तीन गोळ्या झाडल्या. त्या तरुणाजवळ एका कडव्या उजव्या पेपरचं कात्रण निघालं, वर डुट्श्केचे फोटो आणि त्याला आत्ता थांबवा असा मथळा. विद्यार्थी श्प्रिंगरच्या इमारतीपुढे जमले, म्हणत होते गोळी पेपरनेही झाडलीय.

डुट्श्के वाचला, पण मेंदूला इजा झाली, बोलणं गेलं. ज्याच्या भाषणाला हजारो पोरं जमायची तो माणूस लहान मुलासारखा एकेक शब्द पुन्हा शिकला. आणि त्याने तुरुंगातल्या त्या मजुराला पत्रं लिहिली! तुझ्यावर माझा राग नाही, तुला ज्यांनी वापरलं ते ओळख, अशा अर्थाची. मजुराने १९७० मध्ये तुरुंगात जीव दिला. डुट्श्के १९७९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी गेला, त्याच जखमेतून लागलेल्या फिट्समुळे अंघोळीच्या टबात बुडून. दोघंही गेले, मथळा लिहिणारा कोण होता कोणाला आठवतही नाही.

परतलेला

शेवंतीताई, मी तुमच्या दादाच्या जागेवर होतो. साधारण अडीच वर्षं.

बाहेरून वाटतं की माणूस द्वेषाने भरलाय, आतून तसं नाही वाटत, आतून वाटतं की आपल्याला काळजी आहे आणि बाकी सगळे झोपलेत. मी सकाळी उठायचो तेव्हाच राग आलेला असायचा आणि कशाचा ते फोन उघडल्यावर कळायचं. ग्रुपमध्ये माझी इज्जत होती. ऑफिसात कोणी विचारत नव्हतं, ग्रुपवर मात्र मी काही टाकलं की चाळीस जणांचा अंगठा. हे सोडवत नाही माणसाला. द्वेषापेक्षा ते चाळीस अंगठे जास्त धरून ठेवतात.

आणि वेळ किती लागतो म्हणाल तर काहींना अडीच वर्षंही लागत नाहीत. जून २०१७ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये एकाने मशिदीजवळ लोकांवर व्हॅन घातली, एकजण गेला. तो बेकार होता, दारूत होता, टीव्हीवर एक मालिका बघून पेटला आणि मग फोनवर कडव्या उजव्यांच्या पोस्टी वाचत बसला, खटल्यात समोर आलं की हे सगळं जेमतेम काही आठवड्यांत झालं. चिडलेल्या गर्दीने त्याला घेरलं तेव्हा तिथले इमाम मध्ये उभे राहिले आणि पोलिस येईपर्यंत त्याला कोणाला हात लावू दिला नाही. हे मी त्या वेळी वाचलं होतं आणि आमच्या ग्रुपवर टाकलंही होतं. एकही अंगठा आला नाही. कोणी वादही घातला नाही, सरळ पुढचा व्हिडिओ आला. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं.

मी सुटलो ते दुसऱ्याच गोष्टीने. मी एक क्लिप फॉरवर्ड केली होती, जमाव एका माणसाला मारतोय, खाली लिहिलेलं की 'त्यांनी' कालच केलं. फिरत फिरत ती माझ्याच ऑफिसातल्या 'त्यांच्यातल्या' एका सहकाऱ्याकडे पोचली. तो जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसला, फोन पुढे केला आणि एवढंच विचारलं, "हे तू पाठवलंस?" भांडला नाही. मी हो म्हटलं. तो म्हणाला "बरं", आणि आपला डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. मी रात्री जाऊन शोधलं तर क्लिप सहा वर्षं जुनी, दुसऱ्याच देशातली, मारणारे आणि मार खाणारा एकाच टोळीतले. मी त्याची माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही मला आजही नक्की माहीत नाही.

तुम्हाला एवढंच सांगेन की दादाला आकडे देऊ नका, लेख पाठवू नका, सगळ्यांसमोर तर अजिबात बोलू नका. मला कोणी पुरावा दिला की मी दुप्पट घट्ट व्हायचो कारण पुराव्याची उत्तरं आधीच शिकवलेली असतात. त्याऐवजी त्याचंच वाक्य पूर्ण करायला सांगा. "आपल्यालाच बघावं लागणार" म्हणजे काय बघायचं? कोणी? आपल्या घरातल्या कोणी? नक्की काय करायचं? त्या ओरडणाऱ्या माणसाने हे कधीच पूर्ण केलेलं नसतं, तो तिथेच थांबतो, म्हणून तर तो सुरक्षित असतो. आणि त्याला एकटं पाडू नका. घराने पाठ फिरवली की ते ग्रुप हेच घर होतं.

काजवा२२

हे सगळे जुने मार्ग झाले, भाषण, पेपर, रेडिओ, चॅनेल. आता वेग बघा. २९ जुलै २०२४, इंग्लंडमध्ये साउथपोर्टला डान्सच्या वर्गात तीन चिमुरड्या मुलींची हत्या झाली. काही तासांत नेटवर एक नाव फिरलं, आश्रय मागायला बोटीतून आलेला अमुक. नाव खोटं होतं, आरोपी तर कार्डिफमध्ये जन्मलेला सतरा वर्षांचा मुलगा निघाला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमाव साउथपोर्टच्या मशिदीवर विटा मारत होता, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅममध्ये आत आश्रित माणसं असताना हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला. क्राइस्टचर्चवाल्याने सतरा मिनिटं फेसबुकवर थेट दाखवलं, पहिल्या चोवीस तासांत कंपनीने त्याच्या १५ लाख प्रती काढल्या. पंधरा लाख! ते काही पंधरा लाख मारेकरी नव्हते, नुसते 'पुढे पाठव' दाबणारे होते. आणि न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाच्या अहवालात आहे की त्याने काळोख्या वेबसाइटींपेक्षा यूट्यूबचा प्रभाव जास्त सांगितला, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असतं तेच.

शेवंती

सगळ्यांचे खूप आभार. दोनदा वाचून काढलं, दुसऱ्यांदा वहिनीला सोबत घेऊन.

परतलेला, तुम्ही सांगितलं तसंच केलं. काल आई झोपल्यावर दादा एकटा गॅलरीत होता, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "दादा, आपल्यालाच बघावं लागणार म्हणजे नक्की काय रे?" तो म्हणाला "म्हणजे... जागं राहायचं." मी म्हटलं, जागं राहून? तो बराच वेळ गप्प. मग वैतागला, "तू उलटतपासणी घेऊ नकोस माझी." मी नाही घेतली. नुसती बसून राहिले. मग मी त्याला ल्युबकेंची गोष्ट सांगितली, सभा, शेरे मारणारी माणसं, कापलेली ओळ, ओसरी. शेवटचं ऐकल्यावर त्याने एकच विचारलं, "घरात कोण होतं त्यांच्या?" मला माहीत नव्हतं. पुढे म्हणाला, "ते सगळं तिकडचं, आपल्याकडे येतात त्या क्लिपा खऱ्या असतात", आणि उठून आत गेला. मला वाटलं, संपलं.

रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. एक व्हिडिओ, आणि खाली फक्त, "हा कुठला आहे बघता येतं का तुला?"

मला नाही येत बघता. कोणी सांगाल का कसं शोधायचं? त्याला सकाळी उत्तर द्यायचंय.

परतलेला

व्हिडिओ थांबवून जिथे पाटी, गाडीचा नंबर, दुकानाचं नाव किंवा पोलिसांचा गणवेश दिसतो अशा चार-पाच ठिकाणचे स्क्रीनशॉट काढा. ते गूगल लेन्सला (फोटोवरून शोधतं ते) एकेक करून द्या, यांडेक्स या रशियन सर्च इंजिनलाही द्या, चेहरे आणि जागा तिथे कधी कधी लवकर सापडतात. सगळ्यात जुनी तारीख कुठली येते ती बघा, मथळा नका बघू. आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐकून एकदा, बऱ्याचदा भाषाच वेगळी असते. आणि ताई, शोधताना त्याला शेजारी बसवा, तुम्ही शोधून देऊ नका, फोन त्याच्याच हातात राहू द्या. समजा क्लिप खरी निघाली तर तेही तसंच सांगा. मी आज रात्री जागाच आहे, अडलं तर इथेच लिहा.